पाळणा वेबसाइटवर चढवण्याआधी

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून वेबसाइट. नाव ठरलं: 'कवितेचा तास'. एक्केचाळीस वर्षं वडूजला मराठी शिकवलं, आता जगाला शिकवायचं. ई-लर्निंग. वय त्र्याहत्तर. बोटं शाबूत आहेत.

साइट कुणाकडून करून घ्यायची नाही. कुठली टेक्नॉलॉजी शिकायची ते आपण ठरवायचं, शिकायची, बांधायची. मुलगा देवेश इथेच मद्रासला, पेरुंगुडीत, आयटीत आहे, पण मदत घ्यायची नाही. फार तर एखादी शंका. रोज चार तास अभ्यास, दुपारची झोप बंद, पंधरा ऑगस्टला उद्घाटन.

पहिला धडाही चालून आला. काल इथल्या मराठी मंडळाच्या सभेत वेस्ट मांबलमचे रामस्वामी भेटले. तंजावरकडचे मराठी, वय एकोणऐंशी, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात हजेरी-क्लार्क होते. सोबत मुलगी वाणी. त्यांच्या घराण्यात एक पाळणा आहे, अठरा कडव्यांचा. प्रत्येक बारशाला तोच गातात. कुठेही लिहिलेला नाही, आणि आता तो पूर्ण फक्त रामस्वामींना येतो. वाणीला पहिल्या दोनच ओळी येतात. पुढचं ऐकायला ती कधी जागी राहिलीच नाही म्हणे.

रामस्वामींच्या घशात गाठ आहे. १७ सप्टेंबरला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार, त्यानंतर आवाज नाही. वाणीची मुलगी चंद्रिका ऑक्टोबरात बाळंत होईल. बारशाला अप्पांचा आवाज हवा, एवढंच वाणीचं मागणं.

म्हटलं, निर्धास्त राहा. दीड महिना म्हणजे पुष्कळ झाला. वाणीने विचारलं, तोवर मी फोनवर घेऊन ठेवू का सर? म्हटलं, छे छे. फोनवर घेणं म्हणजे वहीच्या मागच्या पानावर लिहिणं. रीतसर घेऊ. रामस्वामींनी हात जोडले. म्हणाले, सर, अमची मराठी सैंपाकघरातली, तुमी शुद्ध करून घ्या.

अशी माणसं आता राहिली नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

देवेशला शंका विचारली. वेबसाइटला काय काय लागतं? जेवता जेवता म्हणाला, फ्रंट एंड, बॅक एंड, डेटाबेस. म्हटलं, मराठीत सांग. म्हणाला, दिसतं ते, दिसत नाही ते, आणि साठतं ते.

मुलगा माझाच. लगेच समजलं. फ्रंट एंड म्हणजे वर्ग. बॅक एंड म्हणजे हेडमास्तरांची खोली. डेटाबेस म्हणजे कपाट, किल्ली शिपायाकडे.

मग बिघडला. म्हणाला, पण बाबा, एक गाणंच आहे ना? व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्ड करा, मला पाठवा, मी टाकतो कुठेतरी.

'टाकतो कुठेतरी.' ठेवणं आणि टाकणं यातला फरक या पिढीला शिकवायचा राहिला. साइटवर यावर स्वतंत्र धडा घ्यावा.

९ ऑगस्ट, शनिवार

एचटीएमएल, म्हणजे वेबसाइटची बाराखडी, सुरू. दोनशेपानी वही, लाल समास. रोज वीस टॅग. प्रत्येक टॅग दहा वेळा सुवाच्य अक्षरात लिहायचा, मग डोळे मिटून म्हणायचा. उघडला की मिटायचा, उघडला की मिटायचा. चालीवर सुरेख बसतात.

गॅलरीत बसून म्हणत होतो. चौदावा मजला, दलदलीवरून वारा, खाली बगळे. एकदम वडूजचा सातवी ब आठवला. पंचावन्न पोरं, एक सूर, खिडकीच्या गजांचं ऊन फळ्यावर. शेवटच्या बाकावरचा लोहारांचा पोरगासुद्धा डुलायचा. त्याला अर्थ कळत नसे. कळायची गरजही नसे.

हिने, म्हणजे कल्पनाने, विचारलं की लॅपटॉप अजून पिशवीतच का आहे. म्हटलं, आधी पाठांतर, मग फळा. म्हणाली, लोकांना साइट त्या वहीत दिसणार आहे का?

दुर्लक्ष केलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

उद्घाटन पुढे ढकललं. टॅग झाले ऐंशी. शिवाय सीएसएस निघालं. सीएसएस म्हणजे अक्षर, रंग, समास. याच्याशिवाय साइट म्हणजे अंगावर कपडे नसलेली. रंगांना सहा अंकी नंबर असतात. तेही पाठ करतोय. फळ्याचा काळा ठरला. खडूचा पांढरा अजून ठरत नाही. नऊ तऱ्हेचे पांढरे आहेत.

१७ ऑगस्ट, रविवार

वेस्ट मांबलमला रामस्वामींकडे. तिसरा मजला, दाराशी कोलमची रांगोळी, आत पितळी फिल्टरची कॉफी. एरवीचं बोलणं ऐकून घेण्यासारखं नाही. 'इथे'ला 'हिंगे' म्हणतात, 'तिथे'ला 'तिंगे'. मधेच तमिळ. तीनशे वर्षांपूर्वी निघाले आणि वाटेत कुणी वह्या तपासल्या नाहीत, दुसरं काय?

आवाज थोडा घोगरा झालाय. पण खुर्चीत मागे रेलून सहज गुणगुणायला लागले तसा घोगरेपणा गेला. कानडीही नाही, तमिळही नाही, असा काहीतरी जुना वळसा. मी दोन मिनिटं मांबलममध्ये नव्हतो, वडूजमध्ये नव्हतो, कुठेच नव्हतो.

तेवढ्यात पाहिलं, वाणी स्वयंपाकघराच्या दारातून फोन धरून उभी. तत्काळ थांबवलं. सांगितलं, माझ्या वर्गात एक पद्धत आहे. आधी कविता स्वच्छ लिहून आणायची, मी तपासायची, सही करायची, आणि मगच म्हणायची. न तपासलेली म्हणून दाखवली की चूक कायमची पाठ होते. वाणी म्हणाली, सर, ही चूक आम्हाला चालेल. रामस्वामींनीच तिला गप्प केलं. सर पास करू देत, मग गातो. तोवर फोन नको.

बापाकडे शिस्त आहे, मुलीकडे घाई.

नियम घालून दिला: पहिली पाच कडवी लिहून आणा. ती पास झाली की सहावं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रश्न: जावास्क्रिप्ट की पायथन?

देवेश म्हणतो, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच चालते, ती टाळता येणार नाही. मी दोन्हींचे नमुने वाचले. मोठ्याने. जावास्क्रिप्ट कंसांनी ठेचकाळते. पायथन समासावर चालते, समास सोडलात तर चालत नाही. आयुष्यभर मी मुलांना जे ओरडून सांगितलं ते एका भाषेने ऐकलं! पायथन ठरली.

जावास्क्रिप्टशिवाय बटण दाबलं जाणार नाही म्हणे. न का दाबलं जाईना. माझ्या वर्गात बटणं नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

फेअर कॉपी आली. रामस्वामींना देवनागरी लिहायची सवय नाही. पाच कडव्यांना आठवडा लागला. रेघ ओढलेली वर-खाली जाते. तरी शाई निळीच वापरली.

पहिलंच कडवं:

कावेरीचा वारा आला, हळूहळू दार लोटी
मामा आला बंडी घेऊन, बंडीत चिंचेची पोती

अंगाईत चिंच? आणि पोती? बाळाला झोपवायचंय की बाजार मांडायचाय? 'चिंचेची पोती' खोडून 'चंदेरी मोती' केलं. रामस्वामींनी खोडलेल्या शब्दांवरून बोट फिरवलं. म्हणाले, सर, मामा चिंचेचाच व्यापारी होता. म्हटलं, असेल, पण कवितेत तो मोत्यांचा. सरी सर, म्हणाले, म्हणजे ठीक आहे. घरी जाऊन सवय करतो म्हणाले. जाताना जिन्यात 'मोती, मोती' पुटपुटत होते.

असा एकोणऐंशी वर्षांचा विद्यार्थी मिळाला. निदान ह्या जन्मी मिळाला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

मंडळात साइटची घोषणा केली. टाळ्या. पुढच्या रांगेत रामस्वामी-वाणी. सतरा सप्टेंबरच्या आत पाळणा जगभर ऐकू येईल असं माइकवर सांगितलं. वाणीने पदर डोळ्यांना लावला.

नंतर यश नावाचा एक पोरगा मोदक खात आला. गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर करतो. काका, स्टॅक कुठला घेतलाय? म्हटलं, पायथन, शिवाय एचटीएमएल तोंडपाठ. तो म्हणाला, तोंडपाठ कशाला? मग म्हणाला, काका, आज्जोबांना आत्ता शेजारच्या खोलीत गाऊ द्या, मी आज संध्याकाळी पेज उभं करून देतो.

आज संध्याकाळी! कविता समजायला मला वीस वर्षं लागली. नम्रपणे नाही म्हटलं. रामस्वामी अर्धे उठले होते, त्यांना बसवलं.

३१ ऑगस्ट, रविवार

रिअ‍ॅक्ट नावाचं प्रकरण यशने डोक्यात घातलं. बघतो तर सगळे तेच वापरतात. तुकडे तुकडे करून लिहायचं आणि जोडायचं. हा तर मुक्तछंद. शिस्त नाही. दुसरं आहे अँग्युलर. त्यात सगळं आधी ठरलेलं: कुठे काय, किती, कसं. शार्दूलविक्रीडित! एकोणीस अक्षरं म्हणजे एकोणीस.

अँग्युलर ठरलं. त्याला टाइपस्क्रिप्ट लागतं. ती जावास्क्रिप्टचीच थोरली बहीण निघाली. म्हणजे पायथन गेली. वाईट वाटलं. समास फार चांगला होता.

३ सप्टेंबर, बुधवार

देवेश आज चिडला. म्हणाला, बाबा, शिकवण्याच्या साइटसाठी तयार सॉफ्टवेअर असतात. वर्डप्रेस घ्या, मूडल घ्या. धडा, परीक्षा, हजेरी, सगळं आतच आहे. शनिवारी बसू, संपवू.

आयतं! गाइड वाचून पास होणाऱ्या पोरांना मी कसं वागवायचो ते याला माहीत नाही. माहीत आहे, तो त्यातलाच होता. हे बोलायला नको होतं. जेवण न करता उठला.

ही म्हणाली, तुम्हाला साइट करायची आहे की साइट न करण्याचं शिक्षण घ्यायचंय?

अडाणी नाही ती. पण कवितेला असल्या बाईचा उपयोग नाही. मनातच म्हटलं. चेहऱ्यावर दिसलं असावं. आज ताक नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

वाणीचा फोन. अप्पांचा आवाज दुपारनंतर बसतो आहे. सकाळी तासभर बरा असतो. सर, उद्या सकाळी याल का? मी रजा टाकते.

उद्या जमणार नाही, अँग्युलरचा तिसरा धडा आहे. शिवाय कडव्यांवर माझी सही बाकी. तिसऱ्या कडव्यात 'वांगं' आहे. अंगाईत वांगं! तिथे काय घालावं ते सुचत नाहीये, दोन दिवस त्यातच गेले. तिला म्हटलं, चौदाला, रविवारी, आमच्या घरी. ती म्हणाली, सर, सतराला ऑपरेशन आहे. म्हटलं, लिहून ठेवलंय.

लिहून ठेवलंच आहे. वर, चार ऑगस्टला.

१० सप्टेंबर, बुधवार

अँग्युलर सोडलं. दोष त्याचा नाही. लॅपटॉपवर बसवायला घेतलं तर तो गरम होऊन बंद पडला. परत साधं एचटीएमएल. शेवटी पाठ झालेलंच उपयोगी पडतं.

डेटाबेस दोन प्रकारचे. एकात सगळं रकान्यात, दुसऱ्यात वाट्टेल तसं. हजेरीबुक विरुद्ध बोचकं. दोन रात्री विचार केला. अजून साठवायला काही नाही, त्यामुळे घाईही नाही.

लॉगिन पेज मात्र सुरू केलं. अभिनव कल्पना: पासवर्ड नाही! कवितेची पहिली ओळ समोर येईल, दुसरी पाठ असेल त्यालाच आत प्रवेश.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.४०

आज बैठक झाली. रामस्वामी रिक्षाने एकटेच आले. वाणी चंद्रिकेला घेऊन डॉक्टरांकडे. गळ्यात दोरीने पाटी अडकवलेली, लहान मुलांची. वाणीने फोनवर सांगितलं होतं, गुरुवारपासून अप्पा एक शब्द बोललेले नाहीत. आवाज आजच्यासाठी साठवून ठेवलाय. किती हृद्य!

लॅपटॉप उघडला तर अपडेट सुरू. तोवर निव्वळ माइक टेस्ट म्हणून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली ओळ झाली. वारा आला, दार लोटलं. आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी शीर्षक सांगितलंच नाही! आधी शीर्षक, मग कवीचं नाव, मग कविता. एक्केचाळीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी थेट कवितेला हात घातला नाही. थांबवलं. ते थांबले. कवीचं नाव त्यांना सांगता येईना. मग शीर्षकाचं महत्त्व समजावलं, तिथून ओघाने रिअ‍ॅक्ट-अँग्युलर निघालं, तेही छंदांची उदाहरणं देऊन समजावलं. दीड तास. काय एकाग्रतेने ऐकत होते! डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

मधे त्यांनी पाटी पुढे केली. 'सर बुधवारि आपरेशन आज गातो'. दोन चुका. खडूने सुधारून दिल्या. पूर्णविराम नव्हते, तेही दिले. त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा लिहिलं, अक्षर न् अक्षर बरोबर. शाब्बास म्हटलं.

अपडेट ऐंशी टक्क्यांवर अडकलं. म्हटलं, आज राहू दे, पुढच्या रविवारी शांतपणे घेऊ. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. दार मिटेपर्यंत पाटी छातीशी धरून उभे होते.

ही म्हणाली, तो माणूस गायला आला होता हो.

गाणं काय, केव्हाही.

१७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ३.००

झालं! लॉगिन पेज चालू! पहिलं पाऊल! सकाळपासून पाण्याचा घोट नाही. काळा फळा, खडूचा पांढरा (चौथा), वर कवितेची ओळ, खाली रिकामी चौकट.

३.२० – स्वतः आत जाऊन पाहिलं. दुसरी ओळ टाइप केली. 'चूक. पुन्हा पाठ करा.' परत केली. चूक. तिसऱ्यांदा केली. तीन चुका झाल्या की चोवीस तास प्रवेश बंद, हा नियम मीच घातला होता. ही म्हणाली, तुमच्याच वर्गाबाहेर उभे का तुम्ही?

हसू द्या. आजचा दिवस ऐतिहासिक आहे. तारीख लक्षात ठेवावी.

२१ सप्टेंबर, रविवार

शाल, श्रीफळ, लॅपटॉप अपडेट, चार्जिंग पूर्ण, दाराबाहेर फळा, त्यावर 'स्वागतम्'. दहा वाजले. अकरा. रामस्वामी नाहीत. शिस्तीबद्दल माझं मत बदलावं लागेल. तीनदा फोन केला.

शेवटी वाणीने उचलला. म्हणाली, सर, अप्पांचं ऑपरेशन बुधवारी झालं. अजून हॉस्पिटलातच आहोत.

म्हटलं, मला आठवण तरी करून द्यायचीत.

मग म्हणाली, आठवण कसली सर, काम तर रविवारीच झालं ना? अप्पा शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच लिहिलं त्यांनी पाटीवर. सरांकडे आहे. मी म्हटलं, आहे.

आहेच. अकरा सेकंद आहे. किती आहे ते तिने विचारलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्राचं त्यांच्याकडे गोलू. पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या, वर देव, खाली वाण्याचं दुकान, दुकानात मातीची चिंच. वाणी म्हणाली, हा तो पाळण्यातला मामा. खरोखर चिंचेचा व्यापारी.

रामस्वामी खुर्चीत. गळ्याला पांढरी पट्टी, मधे नळी. श्वासाचा आवाज येतो, तेवढाच. मला पाहून उठायला लागले. चंद्रिका पोट सांभाळत खाली बसली होती, म्हणाली, अंकल, आत्ता ऐकवू नका हां, आम्ही बारशालाच ऐकणार. पहिल्यांदा बाळाबरोबर.

हायसं वाटलं. महिनाभर मिळाला. महिन्याभरात टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे जाते.

५ ऑक्टोबर, रविवार

एआय! आवाजाचा थोडा नमुना दिला की पुढचं सगळं त्याच आवाजात गाऊन देतं, असं वाचलं. मग अकरा सेकंद पुष्कळ झाले. देवेशला शंका विचारली. तो म्हणाला, फाइल द्या. कानाला लावून ऐकली. परत ऐकली.

विचारलं, बाकीचं कुठाय? म्हटलं, हेच. म्हणाला, बाबा, यातले पाच सेकंद तुम्ही बोलताय. म्हटलं, माइक टेस्ट होती. म्हणाला, बाबा, त्यांची चाल कुणालाच माहीत नसेल तर मशीनला कुठून माहीत असणार?

मग उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तिथेच. आयटीत असूनही यांचा टेक्नॉलॉजीवर विश्वास नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रिअ‍ॅक्टच घ्यायला हवं होतं, हे आता स्पष्ट आहे. रिअ‍ॅक्ट घेतलं असतं तर ऑगस्टमध्येच साइट उभी राहिली असती, आणि मग पाळणा वेळेत झाला असता. यशने आग्रह धरला नाही. तरुण माणसाने आग्रह धरायला हवा.

वाणीलाही फोनवर घेता आलं असतं. मी एकदा नाही म्हटलं म्हणून काय झालं?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काल चंद्रिकेला मुलगा झाला. बारसं दोन तारखेला, रविवारी. वाणीचा मेसेज: सर, अप्पांनी स्पीकर भाड्याने घ्यायला सांगितलाय, मोठा. मद्रासभरचे नातेवाईक येतायत.

हिला खरं सांगितलं. हिने गॅस बंद केला आणि आत जाऊन झोपली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सर्दी झालीय असं कळवावं का? ताप ९८.४.

ही म्हणाली, तुम्ही जायचं. मी बरोबर येते, पण तुमच्या शेजारी बसणार नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.००

बारसं झालं. मुलाचं नाव सुधींद्र.

हॉल भरलेला. पाळणा फुलांनी सजवलेला. रामस्वामी जरीकाठी वेष्टीत, म्हणजे लुंगीसारख्या धोतरात, पाळण्याची दोरी हातात, गळ्याच्या नळीवर नवा रुमाल. स्पीकर छातीइतका उंच. वाणीने फोन मागितला आणि जोडला. सगळे गप्प. मुलांना गप्प केलं.

रामस्वामींचा आवाज आला. हॉलभर. कावेरीचा वारा आला, हळूहळू दार लोटी. चंद्रिकेने तोंडावर हात घेतला. रामस्वामींचे डोळे मिटलेले, ओठ हलायला लागले, दुसऱ्या ओळीसाठी.

मग मी. 'थांबा, थांबा! शीर्षक कुठंय? शीर्षकाशिवाय नाही चालणार.' स्पीकर खरोखर चांगला होता. बाळ दचकून रडायला लागलं.

मग काहीच नाही.

लोक वाट बघत राहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं, पुढे? वाणी माझ्याकडे वळली. सर, उरलेलं? मी उभा राहिलो. सांगायला लागलो की अपडेट ऐंशी टक्क्यांवर अडकलं होतं, की दिसतं ते फ्रंट एंड आणि साठतं ते डेटाबेस, आणि साठवण्याआधी निवड करावी लागते. वाणीने पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, त्या दिवशी मी दारात उभी होते, फोन हातात होता सर. एवढंच. परत पाळण्याकडे गेली.

आम्हाला गाडीने घेऊन आलेल्या देवेशने माझा फोन स्पीकरवरून काढून घेतला. मान खाली घालून दोनचार वेळा बोट फिरवलं आणि परत लावला. मी खाली बसायच्या आत झालं. आता फक्त पहिली ओळ, मी नाही. संपली की परत तीच. परत तीच. वारा आला, दार लोटलं. वारा आला, दार लोटलं. कुठली टेक्नॉलॉजी वापरलीस, विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, काही नाही बाबा. फोनमध्येच असतं.

दर खेपेला ओळ संपली की वाणी दुसरी ओळ म्हणायची. तिला तिथवरच येतं. 'चिंचेची पोती' म्हणाली, मोती नाही. मग बायका तिच्यामागे म्हणू लागल्या. रामस्वामी झोका देत होते. तिसरी ओळ यायची तिथे त्यांचे ओठ हलायचे, नळीतून नुसता श्वास यायचा, आणि स्पीकरवर पुन्हा वारा सुटायचा.

बाळ झोपलं. म्हणजे पुढची सतरा कडवी लागलीच नाहीत. हे देवेशला गाडीत सांगितलं. त्याने रेडिओ लावला.

निघताना रामस्वामी दारापर्यंत आले. पाटीवर काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, वर्गात पोरं धरायची तशी.

'सर, बरोबर म्हटलं का?'

मी खडू मागितला. चूक शोधली. स्वल्पविराम होता. प्रश्नचिन्ह होतं. ऱ्हस्वदीर्घ तपासलं, दोनदा. मागे लोक चपला घालायला खोळंबले होते. एकही चूक सापडली नाही.